बुगडी नेमकी कुणाची: जुन्या सिनेमातल्या गाण्याचं मूळ शोधायची रीत

साताऱ्यात वरातीला ‘बुगडी माझी सांडली गं’ लागलं की मांडवात दोन-तीन जाणकार हमखास तयार होतात. एक म्हणतो, हे सुलोचना चव्हाणांचं. दुसरा म्हणतो, ‘सवाल माझा ऐका’मधलं. तिसरा आवाज चढवून सांगतो की हिंदीवाल्यांनी ‘झुमका गिरा रे’ यावरनंच उचललं. पहिले दोघं साफ चुकलेत. तिसऱ्याचं प्रकरण तितकं सरळ नाही, त्याकडं नंतर येतो.

आमचा लाउडस्पीकरचा धंदा. वडिलांनी दोन कर्णे आणि बॅटरीवरचा ॲम्प्लिफायर घेऊन सुरू केला, मी पुढं चालवला, आता मुलगा बघतो आणि त्याच्या पाटीवर ‘साऊंड अँड लाइट्स’ लिहिलंय. रेकॉर्डी मात्र अजून माझ्या ताब्यात. पालच्या खंडोबाची यात्रा, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, लग्नं, मुंजी, गणपती यांत वाजून वाजून निम्म्या घासल्यात, पण लेबलं शाबूत आहेत. म्हणून कुणाची पैज लागली की माणसं माझ्याकडं येतात. प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा रीतच लिहून देतो, ज्याचं त्यानं शोधावं. उदाहरण बुगडीचंच घेऊ, गावाचं नाव आहे त्यात.

पहिल्यांदा डोक्यातनं एक गोष्ट काढून टाका. ‘हे गाणं कुणाचं, कधीचं?’ हा एक प्रश्न नाही, चार आहेत. शब्द कुणी लिहिले. चाल कुठनं आली. तबकडीवर कुणाच्या आवाजात उतरलं. पडद्यावर कुठल्या सिनेमात, कुणावर आलं. या चारांची सालं वेगळी असू शकतात, माणसं तर असतातच, आणि मांडवातली सगळी भांडणं या चारांची खिचडी केल्यामुळं होतात. वहीचं पान आडवं धरून चार रकाने पाडा. पाचवा रकाना ‘हे कशावरनं’ असा ठेवा. तो रिकामा राहिला तर आधीचे चार नुसत्या गप्पा.

आता सिनेमाचं नाव. बुगडी १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’मधली. दिग्दर्शन अनंत माने, संगीत वसंत पवार, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, आवाज आशा भोसलेंचा, पडद्यावर जयश्री गडकर. पुण्याच्या विजयानंदला हा सिनेमा १३१ आठवडे चालला. ‘सवाल माझा ऐका’ आला १९६४ ला. त्याचेही दिग्दर्शक अनंत माने, संगीत वसंत पवारांचंच, पुन्हा जयश्री गडकर, पुन्हा तमाशाचा फड, आणि नावात पुन्हा ‘ऐका’. त्यातलं ‘सोळावं वरीस धोक्याचं’ जगदीश खेबुडकरांनी लिहिलं आणि गायलं सुलोचनाबाईंनी. म्हणजे मांडवातल्या त्या दोघांचा घोटाळा कुठनं आला ते दिसतंय. चुकीच्या माहितीचा उगम सापडला की तोही वहीत लिहून ठेवा. समोरच्याला ‘तू चुकलास’ म्हणण्यापेक्षा ‘तुझं कुठं मिसळलं ते दाखवतो’ म्हटलं की माणूस ऐकतो.

नावावरनं शोधताना आणखी दोन खड्डे आहेत. ग्रंथालयात ‘सांगत्ये ऐका’ मागितलं तर हातात हंसा वाडकरांचं आत्मचरित्र येतं. हंसाबाई या सिनेमात होत्या, आणि पुस्तकाला नाव तेच. मोबाइलवर ‘बुगडी माझी सांडली गं’ टाकलं तर २०१४ चा त्याच नावाचा सिनेमा पुढं येतो. गाण्याची ओळ, सिनेमाचं नाव आणि साल ही तिन्ही एकत्र टाकून शोधा, निम्मा कचरा तिथंच गळतो.

सिनेमाची प्रत बघायला मिळाली तर सुरुवातीचं सेन्सॉरचं प्रमाणपत्र थांबवून वाचा. त्यावरची तारीख म्हणजे प्रमाणपत्राची तारीख, सिनेमा लागल्याची नव्हे. डिसेंबरात प्रमाणपत्र आणि पुढच्या वर्षी प्रदर्शन असं होऊ शकतं, मग दोन माणसं दोन सालं घेऊन भांडतात आणि दोघंही खरे असतात. प्रदर्शनाची तारीख पाहिजे तर त्या काळच्या वर्तमानपत्रातली सिनेमाची जाहिरात काढायची. नगरवाचनालयात जुने अंक बांधून ठेवलेले असतात, तिथं बसायची तयारी ठेवा. श्रेयनामावलीत पार्श्वगायकांची नावं एका ढिगात येतात. कुठलं गाणं कुणाचं, ते तिथं कळत नाही. ते कळतं लेबलावर.

लेबल हा माझा प्रांत, इथं जरा बसतो.

अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डीवर मधल्या गोल कागदावर गाण्याची पहिली ओळ, सिनेमाचं नाव, गायकाचं नाव असतं. बऱ्याचदा संगीतकार असतो, कवीचं नाव मात्र असेलच असं नाही. त्याच कागदावर एक नंबर असतो, तो विक्रीचा नंबर. दोन्ही बाजूंना तोच असतो, कारण दुकानदार अख्खी तबकडी विकतो, बाजू विकत नाही. खरा कामाचा नंबर वेगळा. खाचा संपून लेबल सुरू होण्याआधी जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यावर बारीक अक्षरं आणि आकडे उमटलेले असतात. सरळ उजेडात दिसत नाहीत. रेकॉर्ड कडेनं धरायची, खोलीतला दिवा बंद करायचा आणि मोबाइलचा टॉर्च जवळजवळ आडवा करून फिरवायचा, की अक्षरं सावलीसकट उठून दिसतात. हा ध्वनिमुद्रणाचा नंबर. प्रत्येक बाजूचा वेगळा. एकाच सिनेमाच्या तबकड्यांवर हे नंबर लागोपाठचे निघाले तर ती गाणी आगेमागे नोंदली गेलीत, असा अंदाज बांधता येतो. पुढं कंपनीनं तीच रेकॉर्ड नव्या विक्री नंबरानं काढली तरी कोरलेला नंबर तोच राहिला असेल तर मुद्रणही तेच. दोघांकडं दोन वेगळ्या नंबरांच्या रेकॉर्डी आहेत आणि दोघंही ‘माझी अस्सल’ म्हणून अडून बसलेत, हे भांडण टॉर्चनं दोन मिनिटांत मिटतं.

लाँगप्लेवर मात्र ही युक्ती चालत नाही. तिथं एका बाजूला पाच-सहा गाणी असतात आणि कोरलेला नंबर अख्ख्या बाजूचा असतो. शिवाय निवडक गाण्यांच्या संचावर जे साल असतं ते संचाचं. कॅसेट आणि सीडीचं तसंच, आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये तर बहुतेकदा सीडीचंच साल उतरवलेलं असतं. १९५९ चं गाणं तिथं नातवाच्या वयाचं दिसतं. त्यामुळं सालाच्या रकान्यात ॲपवरची तारीख कधीच लिहू नका, लेबल नसेल तर रकाना मोकळा ठेवा.

रेकॉर्ड वाजवून बघणार असाल तर चार गोष्टी. अठ्ठ्याहत्तरची रेकॉर्ड चपडीलाखेची असते, सुतार फर्निचरला पॉलिश करतो तीच चपडी. ती स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून स्पिरिट, सॅनिटायझर, अत्तर काहीही लावायचं नाही. साबणाच्या कोमट पाण्यात मऊ फडकं बुडवून, पिळून, खाचांच्या दिशेनं गोल फिरवायचं, लेबल कोरडं ठेवायचं आणि लगेच पुसून घ्यायचं. दुसरं, लाँगप्लेची पिन अठ्ठ्याहत्तरवर टेकवू नका. हिची खाच रुंद असते, हिला इंचाच्या हजार भागांतल्या तीन भागांएवढं टोक लागतं. लाँगप्लेचं टोक त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. ते खाचेच्या तळाला जाऊन धूळ उकरत बसतं आणि तुम्हाला नुसती खरखर ऐकू येते. जुन्या चार स्पीडच्या प्लेअरला पिनेपाशी बारीक खटका असतो, तो फिरवला की ७८ ची बाजू खाली येते. माणसं स्पीड बदलतात आणि खटका विसरतात. तिसरं, चावीचा फोनो असेल तर स्टीलची पिन एका बाजूला एक, मग टाकून द्यायची. पिन महाग म्हणून जपणाऱ्यांनी रेकॉर्डी घालवल्या. चौथं, रेकॉर्डी उभ्या ठेवा. आडव्या चळतीत खालच्या तडकतात, आणि लाँगप्ले तर पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर राहिला की पापडासारखा वाकडा होतो.

आता ऐकायचं. रेकॉर्डवरचं गाणं आणि सिनेमातलं गाणं एकच आहे असं धरून चालू नका. दहा इंची अठ्ठ्याहत्तरच्या एका बाजूवर सव्वातीन-साडेतीन मिनिटं मावतात. पडद्यावर फडातली लावणी त्याहून लांबली तर तबकडीसाठी एखादं कडवं गळतं, मधला वाद्यांचा तुकडा आखडतो, नाहीतर गाणं दोन बाजूंवर ‘भाग १’, ‘भाग २’ असं पसरतं. उलट सिनेमात घुंगरू, शिट्ट्या, मधले संवाद असतात, ते रेकॉर्डीत नसतात. जितकं जुनं गाणं तितका फरक मोठा. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या ‘धूप छाँव’नं १९३५ ला पार्श्वगायनाची वाट दाखवली, त्याआधी नट कॅमेऱ्यापुढंच गायचा. त्या काळातल्या गाण्याची तबकडी म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्यांदा गायलेलं गाणं, दम वेगळा, लय वेगळी.

दोन्ही प्रती शेजारी ठेवून कागदावर मिनिट-सेकंद लिहीत ऐका. सुरुवातीचं वादन किती सेकंद, पहिलं कडवं कधी सुरू, ढोलकीचा तुकडा कुठं, शेवटी ओळ किती वेळा येते. तीनदा ऐकलं की हात आपोआप लिहितो. हा कागद पुढं फार उपयोगी पडतो. ऐंशीच्या दशकात कॅसेटींचा सुळसुळाट झाला तेव्हा जुनी गाणी नव्या गळ्यांकडून गाऊन घेऊन विकली जायची. कव्हरवर सिनेमाचं नाव मोठं, आणि खऱ्या गायिकेचं नाव पाठीमागं मुंगीएवढं. त्या कॅसेटी आता इंटरनेटवर चढल्यात आणि खाली ‘आशा भोसले’ असं टाकलेलं असतं. तुमच्या कागदाशी ताडून बघा. ढोलकीच्या जागी कीबोर्डाचा ठोका, आवाजावर विहिरीत बोलल्यासारखा घुमारा आणि सुरुवातीच्या वादनात चार सेकंदांचा फरक, एवढं दिसलं की पुढं ऐकायचं कारण नाही.

एक फरक मात्र फसवा आहे, तो वेगाचा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपल्याकडच्या टीव्हीची आणि व्हीसीडी-डीव्हीडीची पद्धत २५ चौकटींची. रीळ तसंच उतरवलं की सगळं चार टक्के जोरात पळतं. तीन मिनिटं वीस सेकंदांचं गाणं तीन मिनिटं बारा सेकंदांत संपतं आणि सूर पाऊण पट्टीला जरा कमी एवढा वर चढतो. माणसं म्हणतात, सिनेमात आशाबाई वरच्या पट्टीत गायल्यात. कुणी गेलेलं नसतं वर, रीळ पळालेलं असतं. तपासायला पेटी घ्या. षड्ज, म्हणजे गाण्याचा ‘सा’, धरून बघा. तो दोन पट्ट्यांच्या मधेच पडत असेल आणि कुठल्याच पट्टीशी जुळत नसेल, तर आधी वेगावर संशय घ्या आणि मग गायिकेवर. नेहमी वापरायच्या वाद्यांच्या पट्टीवर गाणारी माणसं असताना सूर हवेत लटकायचं कारण नसतं. (पेटी स्वतः उतरलेली नाही ना, तेही बघा. आमच्या शेजारच्या भजनी मंडळाची वर्षानुवर्षं उतरलेलीच आहे आणि त्यांचं काही अडत नाही.)

शब्दांचं मूळ शोधणं हे सगळ्यात रंजक आणि सगळ्यात घसरडं काम. चांगल्या सिनेकवीचं गाणं जुनं, पारंपरिक वाटतं, तेच तर त्याचं कसब. प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’मधलं ‘आधी बीज एकले’ घ्या. शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं, संगीत केशवराव भोळ्यांचं, पडद्यावर आणि आवाजात विष्णुपंत पागनीस. भले भले अभ्यासक तो तुकोबांचाच अभंग समजून गाथेत शोधत बसले. आजही कीर्तनात ‘तुका म्हणे’च्या आदरानं तो घेतला जातो. म्हणून कुठल्याही भक्तिगीताच्या बाबतीत आधी गाथेच्या शेवटी असलेली पहिल्या ओळींची सूची काढायची. साडेचार हजारांवर अभंग आहेत, पण सूचीत बोट फिरवायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कुणी देत नाही, हीच अडचण आहे. याच्या उलटही होतं. १९५१ च्या ‘अमर भूपाळी’मधली ‘घनश्याम सुंदरा’ ही होनाजी बाळाची भूपाळी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जात होती. सिनेमासाठी वसंत देसाईंनी ती बांधली, लता मंगेशकर आणि पंडितराव नगरकर गायले. तिथं शब्दांच्या रकान्यात पेशवाई आणि बाकीच्या रकान्यांत १९५१ असं लिहायला लागतं.

बुगडीचे शब्द गदिमांचे. त्यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ चा, शेटफळे गावचा. आटपाडी तालुका आज सांगली जिल्ह्यात, तेव्हा औंध संस्थानात, आणि शाळा औंधला. माणदेशी माणूस, सातारा त्यांना ऐकून माहीत नव्हता. पण म्हणून ‘गाण्यात सातारा का?’ याचं उत्तर इतिहासात शोधायला जाऊ नका. मला लोक विचारतात की तेव्हा साताऱ्याला बुगड्यांचा बाजार होता का, शनिवार पेठेतले सोनार प्रसिद्ध होते का. अहो, दुसऱ्या ओळीच्या शेवटी ‘म्हाताऱ्याला’ आहे. ‘साताऱ्याला’ला याहून खमंग यमक कुठल्या गावाच्या नावात सापडेल सांगा. कोल्हापूरला जाताना बुगडी सांडली असती तर म्हाताऱ्याचं काय झालं असतं? हे माझं मत, पाचव्या रकान्यात तसंच लिहिलंय: ‘अंदाज, यमकावरनं’. शब्द तपासायचे तर कवीच्या छापील संग्रहात बघा. गदिमांची सिनेमातली गाणी ‘चैत्रबन’मध्ये आहेत. छापील पाठ आणि गायलेला पाठ यांत शब्द बदललेला सापडला तर दोन्ही उतरवून ठेवा, कुठला ‘बरोबर’ ते ठरवायची घाई नको.

चालीचं मूळ म्हणजे तो तिसऱ्या जाणकाराचा झुमका. ‘झुमका गिरा रे’ १९६६ च्या ‘मेरा साया’मधलं, संगीत मदन मोहन, शब्द राजा मेहदी अली खान, आवाज पुन्हा आशा भोसले. आणि ‘मेरा साया’ हा राजा परांजप्यांच्या १९६४ च्या ‘पाठलाग’वरनं केलेला. सिनेमा मराठीवरनं घेतला हे खरं, गायिका एक हेही खरं, दागिना हरवतो हेही खरं, आणि बुगडी सात वर्षं आधीची. एवढी खरी वाक्यं ओळीनं उभी राहिली की माणसाला वाटतं पाचवंही सिद्ध झालं. पण बुगडी ‘पाठलाग’मधली नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही. आणि बाजाराला जाताना दागिना हरवणं, त्यावरनं घरच्यांना काय सांगायचं ही पंचाईत, हा विषय आपल्याकडच्या ओव्यांत आहे, तिकडच्या लोकगीतांत आहे. विषय सारखा असणं म्हणजे चाल उचलणं नव्हे. चाल उचलली म्हणायचं असेल तर दोन्ही मुखडे पेटीवर एकाच षड्जावरनं वाजवून बघा. स्वरांची रांग जुळते का, समेवर येणारा शब्द त्याच जागी पडतो का, ठेका तोच का. हे तिन्ही जुळलं तरच तोंड उघडा. मी वाजवून बघितलंय, माझ्या मते दोघींचे दागिने वेगवेगळ्या रस्त्यावर पडलेत.

नावांचा घोळ हा वेगळाच प्रकार. लेबलावर छापलंय म्हणून ते माणसाचं नाव असेलच असं नाही. १९४९ च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव, आवाज लताबाईंचा. आपल्याकडं भालजी पेंढारकरांच्या सिनेमांना संगीतकार म्हणून ‘आनंदघन’ हे नाव येतं. १९६५ च्या ‘साधी माणसं’मधल्या ‘ऐरणीच्या देवा’ला चाल आनंदघनांची, शब्द खेबुडकरांचे, आवाज लताबाईंचा, आणि आनंदघन म्हणजेही लताबाई. लेबलावर असेल ते अक्षरशः उतरवा आणि खरं नाव कंसात, पुराव्यासकट. लेबल ‘सुधारून’ लिहायचा मोह आवरा, नाहीतर पुढच्या शोधणाऱ्याला मूळ काय होतं तेच कळत नाही.

आणखी एक साधन गाण्याचं चोपडं. थिएटरच्या दाराशी आण्या-दोन आण्याला मिळायचं. आत नटांची नावं, गाण्यांचे शब्द आणि कथासार. कथासार ऐन रंगात तोडून ‘पुढे काय झाले ते पडद्यावरच पहा’ असं असायचं. कवीचं नाव लेबलावर नसेल तर इथं सापडण्याची शक्यता जास्त. पण चोपडं सिनेमाची शेवटची कातरणी होण्याआधी छापलेलं असू शकतं. त्यात गाणं आहे म्हणून पडद्यावर होतंच असं म्हणता येत नाही. लताबाईंनी सिनेमासाठी गायलेलं पहिलं गाणंच बघा, १९४२ च्या ‘किती हसाल’साठीचं, चाल सदाशिवराव नेवरेकरांची. ते सिनेमातनं कापलं गेलं. चोपडी रद्दीवाल्याकडं, जुन्या बाजारात, कुणाच्या ट्रंकेत निघतात. पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ पासूनचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथं चोपडी, पोस्टरं, तबकड्या जपल्यात. जाण्याआधी काय बघायचं ते नेमकं लिहून मेल टाका. ‘जुन्या मराठी गाण्यांची माहिती पाहिजे’ असं लिहिलं तर कुणी काय काढून देणार?

जुन्या माणसांना जरूर विचारा, पण विचारायची पद्धत आहे. ‘बुगडी आशाबाईंची ना?’ असं विचारलं की समोरचा ‘हो’ म्हणतो. थिएटरचा जुना ऑपरेटर असेल तर विचारा, रीळ बदलायच्या वेळी कुठलं गाणं चालू असायचं. बँडवाल्याला विचारा, हे तुम्ही कुणाकडनं बसवून घेतलं, रेडिओवरनं की रेकॉर्डीवरनं. ढोलकीवाल्याला नुसता ठेका वाजवायला सांगा, बोलायला लावू नका. आमच्या भागात १९६३ नंतर सांगली आकाशवाणी घरोघरी आली, त्यामुळं साठीतल्या माणसाची आठवण बहुतेक रेडिओची असते, थिएटरची नव्हे. निवेदक सिनेमा, कवी, संगीतकार, गायक अशी चारही नावं सांगायचे, म्हणून या पिढीला नावं पाठ आहेत पण सालं नाहीत. त्याच्या आधीची माणसं सालं बरोबर सांगतात, तीही लग्नावरनं आणि दुष्काळावरनं, आणि नावांत गल्लत करतात. दोघांना एकत्र बसवलं तर चहा दोनदा करायला लागतो, पण काम होतं.

माझ्या वहीतली बुगडीची नोंद अशी आहे. शब्द: ग. दि. माडगूळकर, सिनेमासाठी, कशावरनं: श्रेयनामावली, छापील संग्रह. चाल: वसंत पवार, कशावरनं: श्रेयनामावली, लेबल. तबकडी: आशा भोसले; कशावरनं: लेबल, पट्ट्यावरचा नंबर उतरवलाय. पडदा: सांगत्ये ऐका, १९५९, जयश्री गडकर. खाली बारीक अक्षरात: ‘सुलोचना चव्हाण नव्हे, सवाल माझा ऐकाशी गल्लत’. शेजारी ‘सातारा: यमक?’ असं प्रश्नचिन्हासकट. आशाबाईंचा जन्म सांगलीचा, हे आमच्या व्याह्यांच्या आग्रहावरनं लिहिलंय. ते सांगलीचे आहेत आणि गाण्यात सातारा, आवाजात सांगली असं ऐकवल्याशिवाय जेवत नाहीत.

रेकॉर्ड संगणकावर उतरवून घ्यायची असेल तर पहिली प्रत जशी आहे तशी ठेवा, खरखरीसकट. साफ केलेली प्रत वेगळ्या नावानं. खरखर काढणारं सॉफ्टवेअर घुंगरांचा आणि ढोलकीच्या चाटीचा आवाजही खरखर समजून खातं, लावणीत तर जीवच तो. स्टिरिओ प्लेअरवर अठ्ठ्याहत्तर वाजवत असाल तर डावा-उजवा आवाज एकत्र करून मोनो करून घ्या, खाचेतला खालीवर होणारा गोंगाट बराचसा आपोआप कटतो. फाइलच्या नावात विक्रीचा नंबर, कोरलेला नंबर आणि स्पीड टाका, ‘छान गाणं १’ असलं काही नको.

आणि ती फाइल लगेच सगळीकडं टाकायची घाई करू नका. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, म्हणजे १९५९ ला निघालेल्या तबकडीचा २०१९ अखेर संपला. शब्दांचा हिशोब वेगळा, तो कवी गेल्यापासून ६० वर्षांचा. गदिमा १४ डिसेंबर १९७७ ला गेले, तेव्हा त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. वहीत उतरवायला, घरी ऐकायला, पैज जिंकायला कुणाची आडकाठी नाही. पूर्ण गाणं छापायचं किंवा चढवायचं असेल तर आधी परवानगीचं बघा. संगीतकारासाठीही हाच हिशोब लावायचा, म्हणून नोंद करताना चाल बांधणाऱ्याचं मृत्यूचं साल लिहायला विसरू नका.